जाळीच्या कपाटातले पाहुणे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (एरवी आपण हे नुसतं लिहितो. आज मी खरोखर फरशीवर पालथा पडून, छातीखाली उशी घेऊन लिहितो आहे, तेव्हा आठांपैकी निदान सहा अंगं टेकलेली आहेत. लोखंडी कपाटाखाली एक रातकिडा शिरला आहे आणि तो बाहेर येईपर्यंत मला इथून हलता येत नाही. पत्र लिहायला इतका निवांत वेळ मला गेल्या चार महिन्यांत मिळाला नव्हता.) इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? तो जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागे सांगितलं होतंस आणि मी विसरलो. जे असेल ते कमी करत जा. डोळ्यांत औषधाचे थेंब घालतेस ना? मागच्या महिन्यात दिलेला चष्मा कपाळावर न ठेवता नाकावर ठेवावा, काचा त्या उंचीसाठी घासलेल्या आहेत.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. मी काही सांगायला लागलो की तू म्हणतेस, ते राहू दे, जेवलास का. जेवलो म्हटलं की तू ठेवून देतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे. शिवाय तू विचारलं होतंस की त्या प्राण्याचं कसं चाललंय, काही लपवू नकोस. तर लपवत नाही. सगळं सांगतो.

तुझ्या चिरंजीवाला समुद्र मोजणाऱ्या जहाजावर नोकरी लागली, त्याचा आम्हाला आनंदच झाला. (समुद्र मोजून कुणाला काय करायचंय, हे मला अजून कळलेलं नाही, पण पगार चांगला आहे आणि समुद्र संपणारा नाही, म्हणजे नोकरी पक्की.) निघायच्या आदल्या दिवशी तो टॉवेल टाकलेली एक काचेची पेटी काखोटीला मारून दुकानात आला. मला वाटलं, मासे असतील. तो म्हणाला, आईनं सांगितलंय की घरात एक तर हा राहील, नाही तर मी. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, आई ठेवली. तुझा मुलगा मातृभक्त आहे यात वाद नाही, पण त्या भक्तीचा प्रसाद माझ्या काउंटरवर आला. त्यानं टॉवेल उचलला. आत एका काटकीवर हातभर नाही, पण वीतभर लांबीचा एक हिरवा जीव चारही पायांनी घट्ट धरून बसला होता. त्याचा एक डोळा माझ्याकडे होता आणि दुसरा भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे. ताई, सव्वीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासतोय. माझ्याकडे आल्या आल्या स्वतःहून तक्ता वाचायला लागलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

चिरंजीव त्याला शॅमेलिऑन म्हणतो. माझे सासरे त्याला सरडा म्हणतात. "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे मामा, मित्र येऊन घेऊन जाईल," असं म्हणून चिरंजीव गेला, त्यामुळे आम्ही त्याला पाहुणे म्हणायला लागलो. पंधरा दिवस झाले, महिना झाला, मित्राचं तोंड कुणाला दिसलं नाही (असा मित्र होता की नाही, याबद्दल तुझ्या भावजयीला शंका आहे), आणि नाव मात्र राहिलं. आता घरात सगळे त्यांना अहो-जाहोच करतात. पाहुणे उठले का, पाहुण्यांनी पाणी घेतलं का, असं चाललेलं असतं. परवा एक शेजारीण खालूनच परत गेली. तुमच्याकडे चार महिने पाहुणे आहेत, मी आणखी कुठे भर घालू, म्हणाली.

जाताना चिरंजीवानं चार पानी सूचना लिहून ठेवल्या होत्या. हातात घेऊ नये. टक लावून पाहू नये. समोरून एकदम जाऊ नये. आरसा दाखवू नये. एकटं राहायला आवडतं, सोबत देऊ नये. रोज ऊन लागतं, सकाळी लवकर बोलावू नये. मी ते वाचून झाल्यावर तुझ्या भावजयीला म्हटलं, हे कागद तू मला लग्नाच्या आधी द्यायला हवे होतेस, तुझ्या वडिलांच्या बाबतीत माझी सात वर्षं वाचली असती. ती हसली नाही. पण तिनं ते कागद फाडलेही नाहीत. स्वयंपाकघरात खिळ्याला लावून ठेवले.

आता राहण्याच्या सोयीचं सांगतो. काचेची पेटी यांना मानवत नाही, हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, आणि यांचा स्वभाव असा की दुसरा सरडा म्हणजे वैरी. ते दिवसभर स्वतःवरच फुगून बसले. (असे दोन-तीन लोक माझ्याही ओळखीचे आहेत.) त्यांना जाळीचं, उंच, हवेशीर घर लागतं. असं घर आमच्याकडे एकच होतं आणि त्यात दूध, लोणी आणि कालची भाजी राहत होती. तुझ्या भावजयीचं ते जाळीचं कपाट तिच्या आईनं दिलेलं. मी तीन दिवस विषय काढायला धजलो नाही. चौथ्या दिवशी मी दुकानातून वर आलो तर दूध खिडकीत, लोणी पाण्यात, भाजी माझ्या ताटात, आणि कपाटाच्या फळ्या काढून भिंतीशी उभ्या केलेल्या. ती स्क्रू पिळत होती. मला म्हणाली, नुसते बघत काय उभे राहिलात, मनीप्लांटची कुंडी आणा. ताई, बाईमाणसाचं मन कळायला आपल्याला वरचा नंबर लागतो, तो माझ्याकडे नाही.

पाण्याचं तर विचारू नकोस. हे वाटीतलं पाणी पीत नाहीत. वाटी ठेवली, बशी ठेवली, पितळेचं फुलपात्र ठेवलं. त्यांनी एका डोळ्यानं तिन्ही पाहिली आणि दुसऱ्यानं आमची कीव केली. पानावरून ओघळणारा थेंबच हवा. मग तुझ्या भावजयीनं दवाखान्यातून मुदत संपलेली सलाइनची नळी आणली, बाटलीत साधं पाणी भरलं, बाटली छताच्या हुकाला टांगली आणि मिनिटाला बारा थेंब असा हिशेब लावला. (सव्वीस वर्षं नर्स आहे, तिचे थेंब कधी चुकत नाहीत.) कपाटाला खालच्या बाजूला एक तक्ता अडकवलाय. त्यावर सकाळ-संध्याकाळची उष्णता, खाल्लं किती, शी झाली की नाही आणि शेवटच्या रकान्यात 'सर्वसाधारण वृत्ती' असं आहे. त्या रकान्यात ती रोज 'समाधानकारक' लिहिते. मी एकदा विचारलं, माझ्या वृत्तीचा असा तक्ता ठेवलास तर काय लिहिशील. ती म्हणाली, तुमचं जेवण चांगलं आहे.

पण कपाट ठेवायचं कुठे? वर खोल्या तीन. पुढच्या खोलीत मोठा आरसा. आमच्या खोलीत ऊन येत नाही. राहिली सासऱ्यांची खोली. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. चाळीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, निवृत्त झाले, आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. वर्तमानपत्र आणि खिडकी, यापलीकडे त्यांना काही लागत नाही. बोलणं तर नाहीच. दिवसाला पाच वाक्यं झाली तर त्या दिवशी आम्हाला वाटतं यांना ताप आला. आम्ही कपाट तिथे नेलं. संध्याकाळी मला फुलस्केप कागदावर एक अर्ज मिळाला. विषय, खोलीत सरडा ठेवण्याबाबत हरकत. मुद्दे सात. त्यातला पाचवा मला आवडला: 'अर्जदारानं सेवाकाळात असंख्य साक्षीदारांना रंग बदलताना समक्ष पाहिलं असून, उरलेल्या आयुष्यात तेच दृश्य पुन्हा पाहण्याची त्याची इच्छा नाही.' मी तो अर्ज दाखल करून घेतला आणि निकाल राखून ठेवला. कपाट तिथेच राहिलं, कारण ऊन तिथेच होतं.

पुढे खाणं. यांना जिवंत किडे लागतात, तेही हलणारे. पाखरं आणि मासे विकणाऱ्या दुकानात रातकिड्यांचा डबा मिळतो. हे रातकिडे आधी गाजर खाऊ घालून पोसायचे, मग पिशवीत घालून कॅल्शियमच्या भुकटीत घोळायचे (लग्नाला निघाल्यासारखे पांढरे होतात बिचारे), आणि मग आत सोडायचे. पाहुणे जागचे हलत नाहीत. दोन्ही डोळे हळूहळू पुढे आणतात. दोन वेगळ्या दिशांना भटकणारे डोळे एका जागी जमले की समजायचं, आता काहीतरी होणार. जीभ निघते ती दिसतच नाही. रातकिडा होता, आता नाही, एवढंच कळतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी सकाळचं पहिलं गिऱ्हाईक खाली ताटकळत ठेवून आणखी दोन सोडले. दुसऱ्या आठवड्यात मी डब्याचं झाकण लावायला विसरलो. डब्यावर चाळीस लिहिलं होतं. तुझ्या भावजयीनं रात्रपाळीवरून येऊन झोपायची वेळ, आणि चाळीसांपैकी एकोणतीस घरभर. मीठदाणीत एक, इस्त्रीच्या कपड्यांत तीन. काही माझ्या दुकानात उतरले आणि चष्म्यांच्या डब्यांत राहायला गेले. एका शिक्षिकेनं शाळेत जाऊन डबा उघडला आणि वर्गाला त्या दिवशी अनायासे निसर्गाचा तास मिळाला. तुझ्या भावजयीनं फक्त झोपायच्या आधी माझ्या हातात टॉर्च दिला. तेव्हापासून पालथं पडण्याचा मला सराव झाला आहे.

दुकानातला प्रसंग तुझ्यापर्यंत पोचला असेलच, पण लोक तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून खरं काय झालं ते लिहितो. सासऱ्यांच्या खोलीत वायरमन आला होता. भिंतीत छिद्रं पाडायची होती, धुरळा उडणार. मी पाहुण्यांना कुंडीसकट दोन तासांसाठी खाली नेलं. सूचनांच्या दुसऱ्या पानावर आरशाबद्दल स्पष्ट लिहिलं होतं, आणि माझ्या दुकानात आठ आरसे आहेत. हे दोन्ही मला वेगवेगळं माहीत होतं, एकत्र सुचलं नाही. काउंटरवर कुंडी ठेवली आणि मी काच घासायच्या यंत्राकडे वळलो. तेवढ्यात आपल्या शाळेचे ते उंच मुख्याध्यापक आले, आता निवृत्त, नंबर उणे नऊ. त्यांनी आपला चष्मा काढून मला दुरुस्तीला दिला आणि म्हणाले, तोवर मी नवीन फ्रेमा बघतो. चष्मा काढल्यावर त्यांना काय दिसतं, ते मला विचार. दुकान आणि गाय यांत ते फरक करतात तो वासावरून. पाहुणे मधल्या वेळात कुंडीवरून उतरून फ्रेमांच्या उभ्या स्टँडवर चढले होते आणि चौथ्या ओळीत दोन फ्रेमांच्या मध्ये बसले होते. मुख्याध्यापकांनी हात घातला तो नेमका तिथे.

मी वळून पाहिलं आणि माझ्या हातातली काच तशीच राहिली. ओरडावं तर पाहुणे बिथरणार, न ओरडावं तर मुख्याध्यापक. त्यांनी बोटांनी सगळीकडून चाचपून पाहिलं. पाहुण्यांनी त्यांच्या तर्जनीला पुढचे दोन्ही पाय घट्ट लावले.

"पकड चांगली आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "पण रंग भडक वाटतो. जरा गडद नाही का यात?"

आणि ताई, त्याच क्षणी पाहुण्यांची नजर समोरच्या आरशावर गेली. आठ आरशांत आठ वैरी दिसल्यावर माणूससुद्धा काळा पडेल. ते माझ्या डोळ्यांदेखत हिरव्याचे तपकिरी झाले, तपकिरीचे जवळजवळ काळे. मुख्याध्यापकांनी हात लांब उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हा चालेल."

मी पुढे होऊन त्यांचा जुना चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. त्यांनी बोटाकडे पाहिलं. बोटानं त्यांच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस; किंचाळले नाहीत. खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, आणि पाहुणे कुंडीवर परत चढेपर्यंत बोट हलवलं नाही. आता दर गुरुवारी वर येऊन सासऱ्यांशेजारी बसतात. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, तिसरा तर मुळातच बोलत नाही. पण बैठक चांगली रंगते असं दोघंही सांगतात.

आता जरा काळजीचं सांगतो. तेव्हा कळवलं नाही, कारण तू चिरंजीवाला कळवलं असतंस आणि त्यानं भरसमुद्रात उगाच जीव टांगणीला लावून घेतला असता. दोन महिन्यांपूर्वी पाहुण्यांनी खाणं सोडलं. एक दिवस, दोन दिवस, आम्ही म्हटलं पोट भरलेलं असेल. पाचव्या दिवशी तुझ्या भावजयीनं शेवटच्या रकान्यात पहिल्यांदाच काही लिहिलं नाही. रंग मातकट झाला होता, भरदिवसा एक डोळा मिटलेला, मुद्दाम समोर सोडलेला रातकिडा त्यांच्या पायावरून चालत गेला तरी त्यांनी मान वळवली नाही. मी त्यांना टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. चांगला माणूस. आयुष्यभर गाईम्हशी आणि कुत्री तपासली. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि खरं तेच सांगितलं: याला कुठे दुखतं, हे मला कळत नाही, चुकीचं औषध देण्यापेक्षा काही न देणं बरं. त्यानं पैसेही घेतले नाहीत. मी परत येताना ती टोपली छातीशी धरून चालत आलो. रिक्षाचे हिसके बसतील म्हणून. तुला हसू येईल, पण मला त्या वाटेवर एकच येत होतं मनात, की पोरानं जाताना टॉवेल उचलून त्यांना बोटानं नुसतं हळूच थोपटलं होतं, आणि मला म्हणाला होता, मामा, तू आहेस म्हणून जातोय.

घरी सगळं बदलून पाहिलं. दिवा बदलला, नळी धुतली, दुसऱ्या दुकानातून रातकिडे आणले. तुझी भावजय कपाटापुढे स्टूल टाकून तासच्या तास बसायची. नवव्या दिवशी सासरे जेवताना एकदम म्हणाले, "कावळा आहे."

आम्हाला वाटलं, ताटात काही पडलं. मग त्यांनी, एका बैठकीत मी त्यांच्या तोंडून ऐकलेली सर्वांत जास्त वाक्यं उच्चारून, सांगितलं. समोरच्या झाडावर कावळ्यानं घरटं बांधलंय. तो सकाळी आठपासून खिडकीसमोरच्या तारेवर येऊन बसतो. ज्या दिवशी तो पहिल्यांदा बसला, त्या दिवसापासून यानं खाल्लेलं नाही. तारीख सांगितली, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात टिपून ठेवली होती. आम्ही पडदा लावतो म्हटलं. ते म्हणाले, पडदा लावला तर ऊन जाईल, उन्हाशिवाय तो जगायचा नाही, कागदांत लिहिलंय. (खिळ्यावरचे कागद त्यांनी कधी वाचले, देव जाणे.) दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोकावलो, तर त्यांनी आपली खुर्ची खिडकी आणि कपाट यांच्या मधोमध सरकवली होती. दोन्ही हात ताणून त्यांनी वर्तमानपत्र पूर्ण उघडून धरलं होतं, वाचायला नव्हे, चांगलं डोक्याच्या वर. ऊन बाजूनं येत होतं आणि तार तेवढी झाकली जात होती. कावळा थोडा सरकला की वर्तमानपत्र थोडं सरकायचं. ताई, त्यांचं वय ब्याऐंशी आहे. मी म्हटलं, मी धरतो. ते म्हणाले, तुमचं दुकान आहे. असे ते चार दिवस बसले, मध्ये जेवायला तेवढं उठून, आणि तेव्हा तुझी भावजय धरायची. चौथ्या दिवशी मी खाली एका बाईंचा नंबर काढत असताना वरून काठी आपटल्याचा आवाज आला. जिना मी तीन ढांगांत चढलो. पाहुणे हिरवेगार झाले होते. दोन्ही डोळे पुढे होते. समोरच्या फांदीवरचा रातकिडा नव्हता.

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, दंड चोळले आणि म्हणाले, "उगीच दोघांना बसू देत नव्हता मेला." पुढेही कावळा तारेवर दिसला की ते वर्तमानपत्र उघडायचे; मग कावळ्याला पिल्लं झाली, ती उडाली, तोही गेला. आता खुर्ची परत खिडकीशी आहे. दोघं शेजारी शेजारी ऊन खातात. मी जाता-येता पाहतो, दोघांचीही सर्वसाधारण वृत्ती समाधानकारक असते. मला विचारशील तर माझीही आहे. दुकान बंद करून वर आलो की मी पायरीवर पाच मिनिटं बसतो. आतून थेंबांचा आवाज येतो, स्वयंपाकघरातून भांड्यांचा, आणि सासरे हल्ली चक्क मोठ्यानं वाचून दाखवतात. कुणाला, ते मी विचारलेलं नाही.

तर असं आहे सगळं. त्रास आहे का, तर आहे. घरात लोणी ठेवायला जागा नाही आणि घरातला आरसा कायमचा झाकल्यामुळे मी त्याच्याशिवाय दाढी करतो. पण तू काळजी करावीस असं काही नाही. प्राणिबागेतल्या तुझ्या ओळखीच्या गृहस्थांना तू आमचा भार हलका करायला पाठवलंस, ते मंगळवारी येऊन गेले. फार सज्जन माणूस. तुझी माया मला कळते. गुडघ्याला जप, जिना बेतानं, आणि उत्तर सवडीनं लिही. घाई मुळीच नाही.

तुझा,
पालथा पडलेला धाकटा भाऊ

ता.क. - घाई नाही असं वर लिहिलं, पण थोडी आहे. ते प्राणिबागेतले गृहस्थ आले तेव्हा तुझी भावजय कामावर होती. दारात उभे, हातात भोकांची टोपली, अगदी हळू आवाजात म्हणाले, ताईंनी पाठवलंय, पाहुण्यांना न्यायला आलोय. मला काय झालं कळलं नाही. मी म्हणालो, "पाहुणे गेले." आता हे वाक्य तसं साधं आहे, पाहुणे येतात, पाहुणे जातात. पण त्यांनी टोपी काढली. माझा हात हातात घेतला. केव्हा, म्हणाले. मी म्हटलं, सकाळीच. एवढ्यात आतून सासरे ओरडले, पाहुण्यांनी दोन खाल्ले! मला सांगावं लागलं की म्हाताऱ्यांनी फार मनाला लावून घेतलंय. गृहस्थांचे डोळे पाणावले. ते आज-उद्या तुला फोन करून तुझं सांत्वन करतील. तू जरा दाटलेल्या आवाजात बोल आणि लवकर ठेवून दे. तो तुझा हातखंडा आहे. चिरंजीवाच्या कानावर मात्र हे जाता कामा नये. त्याला सांग, पाहुणे ठणठणीत आहेत.

ता.क. दुसरा - काल त्या गृहस्थांचा दुकानात फोन आला. आमचं दुःख त्यांना बघवत नाही. त्यांच्याकडे एक जादाची मादी आहे, स्वभावानं गरीब. ती रविवारी घेऊन येतो म्हणाले. मी नको म्हटलं, तर म्हणाले, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. आता खरं सांगावं तर मी खोटा पडतो, आणि त्या माणसाचं मन मोडावंसं वाटत नाही. आणि ते चार पानांत लिहिलंय, दोघं एकमेकांच्या नजरेस पडता कामा नयेत. आमच्या घरात तर आता माणसंसुद्धा एकमेकांच्या नजरेआड राहू शकत नाहीत. ताई, तुझ्याकडे चिरंजीवाची खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेची. आरसा नाही (तो भांग कधी पाडायचाच नाही). तू म्हणशील, मला भीती वाटते. वाटू दे, चार दिवसांत जाते. तू परवा म्हणालीस की संध्याकाळी घर फार मोठं वाटतं, आणि मी काही बोलायच्या आत जेवलास का विचारून फोन ठेवलास. हे लोक बोलत नाहीत हे खरं, पण खोलीत कुठेही बस, एक डोळा आपल्याकडे असतो. रातकिडे मी पोचवीन. थेंब तुझी भावजय लावून देईल.

ता.क. तिसरा - जाळीचं कपाट सुताराला सांगितलंय. शुक्रवारी सकाळी तो ते तुझ्याकडे घेऊन येईल. पोस्टाचा काही भरवसा नाही, तेव्हा तो दार वाजवेल त्या वेळी हे पत्र तुझ्या हातात पडलेलं नसेल, तर गोंधळून जाऊ नकोस. आधी कपाट आत घे, सुताराला चहा दे, आणि मग पत्र आलं की सगळं सावकाश वाच.